रुमालाची गाठ कशी सुटली

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. आज मंडळाच्या संग्रहात पंधरा लाखांच्या आसपास कागद आणि हजारो हस्तलिखित पोथ्या आहेत. एवढी मोठी संख्या ऐकली की मंडळ म्हणजे जुन्या कागदांचे कोठार, असे चित्र मनात उभे राहते. मग तिथल्या पाक्षिक सभा, वार्षिक संमेलने, व्याख्याने, मोडीचे वर्ग हे सारे त्या कोठाराच्या दारावर बांधलेले तोरण वाटू लागते: असले तर शोभा, नसले तरी अडत नाही. प्रत्यक्षात सभा आणि संमेलने होती म्हणून कोठार भरले, आणि कागद वाचणारी माणसे तयार होत राहिली म्हणूनच ते कोठार आजही बोलके आहे. चार माणसांना जमवणे आणि कागद जपणे ही इथे पहिल्यापासून एकाच कामाची दोन अंगे होती.

त्याचे कारण कागद कुठे होते यात सापडते. पेशव्यांचे सरकारी दप्तर १८१८ नंतर इंग्रजांच्या ताब्यात गेले, पण देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील, सरदार आणि सावकार यांची दप्तरे घराघरांतच राहिली. माळ्यावर, फडताळात, देवघरामागच्या कोठीत लाल रुमालात बांधलेली ही दप्तरे त्या घरांच्या लेखी इतिहासाची साधने नव्हती. तो वतनाचा पुरावा होता. इनामांच्या चौकशीसाठी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन नेमले गेले आणि कागदावर घरची जमीन टिकते किंवा जाते, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले. अशा घरात परका माणूस येऊन ‘रुमाल सोडून दाखवा’ म्हणाला, तर यजमान बिचकणार हे उघडच आहे. राजवाडे गावोगाव हिंडले ते या भीतीच्या विरुद्ध. पानिपताच्या पत्रांचा त्यांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड झाले. त्यांच्याआधी साने-मोडकांनी १८७८ पासून ‘काव्येतिहाससंग्रहा’त बखरी आणि पत्रे छापली होती, मिरजेत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरात बुडून गेले होते. पण एकट्या माणसाची चिकाटी, ती राजवाड्यांची असली तरी, सगळ्या घरांना पुरी पडत नाही. आपला कागद दहा जाणत्यांसमोर वाचला जाईल, त्यावर चर्चा होईल आणि तो घराण्याच्या नावानिशी छापला जाईल, हा भरवसा संस्थाच देऊ शकते, आणि तो भरवसा सभेतच दिसतो.

जेधे शकावलीचे उदाहरण घ्यावे. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांकडे सालवार नोंदींची एक छोटी वही होती. शके १५४० ते १६१९ या काळातल्या घटना तिथीनिशी, एकेका ओळीत, कसलाही अलंकार न चढवता लिहिलेल्या. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात छापली गेली. तोवर बखरींच्या आधाराने शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ मधला मानला जात होता. या वहीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंद निघाली. देशमुखांच्या घरातली एक ओळ सगळ्या महाराष्ट्राच्या समजुतीला छेद देत होती. ती कोणी एका दिवसात मान्य केली नाही, आणि तसेच व्हायला हवे होते. पुढे तंजावरला मिळालेले कवींद्र परमानंदांचे ‘शिवभारत’ स. म. दिवेकरांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केले, त्यातही तीच तिथी होती. जोधपूरकडच्या एका जुन्या कुंडलीनेही तिलाच दुजोरा दिला. आज शासकीय शिवजयंती साजरी होते ती याच तारखेला. हा कागद कारीतच राहिला असता, किंवा कोणा एका संग्राहकाच्या पेटीत गेला असता, तर तो तपासायला, त्याच्यावर भांडायला आणि त्याला जोड शोधायला कोणाला जमले असते?

यावर एक आक्षेप येतो, की हे काम सरकारी अभिलेखागाराचे. हौशी मंडळांकडे ना पैसा, ना शिस्त. आक्षेपात तथ्य आहे. कसर आणि वाळवी मंडळाच्या कपाटाला वेगळा न्याय लावत नाहीत, आणि अपुऱ्या निधीत लाखो कागद सांभाळणे किती अवघड, हे अशी प्रत्येक संस्था जाणते. पण पुण्यातले पेशवे दप्तर सरकारच्याच ताब्यात होते, आणि अभ्यासकांना ते कित्येक दशके जवळपास बंद राहिले. गो. स. सरदेसायांनी निवडलेले त्याचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ मध्ये बाहेर आले, तोवर मंडळाला वीस वर्षे होऊन गेली होती. शिवाय गावाच्या जगण्याचा मोठा भाग सरकारी दप्तरात उतरतच नाही. वतनाच्या भांडणात गोतसभा बसे, निवाडा होई आणि महजर लिहिला जाई. त्याच्या खाली पाटलाचा नांगर, शेटेमहाजनांचा तराजू अशा निशाण्या उमटत. ज्याला अक्षर येत नव्हते, त्याची साक्ष त्याच्या हत्याराने दिली. असे महजर त्या त्या घरांनी जपले, म्हणून ते घरांतूनच मिळवावे लागले.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे आणि तो टाळू नये. अशी मंडळे ठरावीक शहरांतल्या, ठरावीक जातींतल्या विद्वानांची राहिली, आणि त्यांचे पूर्वग्रह इतिहासात उतरले. उतरलेच. कायस्थ प्रभूंविषयीच्या राजवाड्यांच्या लेखनाला प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९१८ मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून उत्तर दिले, आणि ही आपली मंडळाला ‘उलट सलामी’ असल्याचे पुस्तकाच्या नावातच जाहीर केले. माझ्या मते ही घटना मंडळाच्या त्रुटीचा पुरावा आहे, तसाच उघड छापण्याच्या रीतीच्या उपयोगाचाही. मत छापील होते म्हणून त्याला छापील उत्तर देता आले. बंद खोलीतला पूर्वग्रह खोडता येत नाही. आणि विद्वानाची टिपणी जुनी झाली, तरी त्याने जसाच्या तसा छापलेला मूळ कागद उद्याच्या वेगळ्या वाचकासाठी उरतो. त्याच कागदांतून आता कुळांचा, बलुतेदारांचा, बायकांच्या वतनहक्कांचा शोध घेता येतो. यासाठी मात्र सभेत बसणारी माणसे बदलायला हवीत, आणि ते काम अर्धेसुद्धा झालेले नाही.

आता म्हणतात की कागद स्कॅन केले की जबाबदारी संपली. स्कॅनिंग व्हायलाच हवे. पण मोडीचे पान पडद्यावर आणले म्हणून वाचता येत नाही. बोरूने आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली हात न उचलता शब्दाला शब्द जोडत जायचे, अशी ती लिपी. शब्द कुठे तुटतो ते अर्थावरून ठरवावे लागते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळेत शिकवत, नंतर ती सुटली, आणि घरातला कागद घरातल्याच नातवाला परका झाला. वतने गेल्यावर तर त्या कागदाचा व्यवहारातला उपयोगही संपला आणि रुमालच्या रुमाल रद्दीच्या वाटेला लागले. म्हणून मंडळातले मोडीचे वर्ग मला संग्रहालयाच्या कपाटाइतकेच मोलाचे वाटतात. वर्गात येणारा माणूस आजोळच्या माळ्यावरचे बोचके ओळखू शकतो. अक्षर लागले तरी काम उरते: पत्राच्या शेवटी अनेकदा नुसते ‘छ ९ रजब’, म्हणजे दिवस आणि महिना असतो, साल नसते. मग पत्रातल्या नावांवरून, पावसापाण्याच्या उल्लेखावरून, फौज कोणत्या घाटाने उतरली यावरून साल बसवायचे असते. तो घाट, त्याच्या पायथ्याची वाडी आणि तिथले पाटील घराणे ठाऊक असलेला माणूस बहुधा त्याच मुलखातला असतो.