कोरोना बरा झाला, पण झोप उडाली? अंगावर काढू नका

इस्लापूर (ता. किनवट) : कोरोनाचा ताप उतरला, रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी काहींची झोप महिनोन्महिने जागेवर येत नाही. रात्री दोन-तीनला जाग येते, छातीत धडधडतं, बारीकसारीक गोष्टीवरून चिडचिड होते. घरचे म्हणतात, उगाच मनाला लावून घेतो. पण ही नाटकं नव्हेत, त्या आजाराचाच परिणाम असू शकतो.

२०२१ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’ या नियतकालिकात कोरोना झालेल्या २ लाख ३६ हजार लोकांचा अभ्यास छापून आला. सहा महिन्यांत तिघांपैकी एकाला मेंदूचा किंवा मनाचा त्रास नोंदला गेला. काहींना तो आधीपासूनच होता. सर्वांत जास्त प्रमाण चिंतेच्या आजाराचं होतं.

विषाणूमुळे अंगात सूज राहते. स्टेरॉइडनेही झोप उडते. शिवाय शेजारच्या खाटेवरचा माणूस गेलेला पाहिला, घरच्याचं शेवटचं तोंडही दिसलं नाही, ते मनातून जात नाही.

मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी घेऊ नका. दारूने डोळा लागतो, पण पहाटे झोप मोडते. संध्याकाळनंतर चहा टाळा, मोबाईल लांब ठेवा, रोज एकाच वेळी उठा. रात्रीची लाईट असली की पाणी द्यायला उठावंच लागतं, हे खरं; त्या आठवड्यात दुपारी अर्धा तास पडा.

दोन-तीन आठवडे असंच चाललं, किंवा जीव नकोसा वाटला, तर थांबू नका. ‘टेली मानस’चा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.