मिरजेचा धडा आणि दुसऱ्यांदा बदलावयाचा गुडघा

झिजलेल्या गुडघ्याच्या जागीं कृत्रिम सांधा बसविणें आतां नवलाचें राहिलेलें नाहीं. परंतु कालांतरानें हा सांधाही सैल होतो, झिजतो किंवा त्यांत जंतुसंसर्ग होतो, आणि तो बदलावा लागतो. ही दुसरी शस्त्रक्रिया पहिलीहून फार बिकट. जुना सांधा काढतांना हाडाची हानि होते; संसर्ग असल्यास बहुधा दोन टप्प्यांत काम करावें लागतें. मग ती घराजवळ करवावी, कीं जेथें ती वारंवार होते तेथें?

आमच्या कळंब्यापासून मिरज फार दूर नाहीं, आणि या प्रश्नाचें उत्तर तिच्या इतिहासांत सांपडतें. १८९४ सालीं डॉ. विल्यम वानलेस यांनीं तेथें मिशनचें रुग्णालय उघडलें. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ सालींच सुरू झाला होता. मिरज जंक्शन बनलें होतें. गाडीगणिक दूरदूरचे रोगी येऊं लागले. रोगी वाढले तसा हात बसला, आणि हात बसला तसे रोगी वाढले. वानलेस यांनीं वैद्यकीय शाळा काढून साहाय्यक तयार केले. क्षयरोग्यांसाठीं वानलेसवाडीस निराळें आरोग्यधाम झालें. कोल्हापूर व कोडोली येथेंही मिशनचीं रुग्णालयें चाललीं. एक मोठें केंद्र आणि भोंवतीं त्याच्या शाखा, अशी ही रचना होती.

पुढें १९७९ सालीं अमेरिकेंत लुफ्ट, बंकर व एन्थोव्हेन यांनीं १,४९८ रुग्णालयांतील बारा प्रकारच्या शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. हृदयाच्या व कांहीं इतर अवघड शस्त्रक्रिया वर्षाला दोनशें किंवा अधिक करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचें प्रमाण पंचवीस ते एकेचाळीस टक्क्यांनीं कमी आढळलें. खुब्याचा सांधा बदलण्यांत मात्र पन्नास ते शंभरांपर्यंतच जवळजवळ तोच लाभ दिसला. म्हणजे सर्वच कामें एका ठिकाणीं नेण्याचें कारण नाहीं; अवघड तेवढींच न्यावीं. इंग्लंडांत अलीकडे गुडघ्याच्या पुनर्शस्त्रक्रियेसाठीं याच धोरणानें मुख्य केंद्रें व त्यांना जोडलेलीं रुग्णालयें अशीं जाळीं बांधलीं आहेत.

आपल्याकडे २०१७ सालीं सरकारनें या दुसऱ्या सांध्याची कमाल किंमत ६२,७७० रुपये ठरविली. तें योग्यच झालें. परंतु किंमत बांधल्यानें कौशल्य वांटलें जात नाहीं. तपासणी व नंतरचा व्यायाम गांवीं, शस्त्रक्रिया अनुभवी केंद्रांत, आणि दोहोंमध्यें कागदपत्रांचा नीट दुवा, ही व्यवस्था हवी. ती होईपर्यंत प्रत्येक घरानें डॉक्टरांना नम्रपणें एक प्रश्न विचारावा: आपण वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करतां?