टाकळघाट, हिस्लॉप आणि पुनरुत्थानाची श्रद्धा

आजचा विषय श्रद्धेचा आहे. पण मी तो इतिहासाच्या वाटेने मांडणार आहे, आणि ती वाट आपल्या नागपूरच्या दक्षिणेला, टाकळघाटला जाते.

टाकळघाटला दगडांची वर्तुळं आहेत. अशीच काटोल रोडकडे जुनापाणीला आहेत, माहुरझरीला आहेत. ही लोहयुगातली, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली दफनस्थळं. नागपूर विद्यापीठाने १९६८-६९ मध्ये डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली टाकळघाट-खापा इथे उत्खनन केलं. विदर्भातल्या अशा वर्तुळांत अस्थींबरोबर लोखंडी कुऱ्हाडी, मणी, मातीची भांडी, घोड्याचा साज अशा वस्तू सापडतात. गेलेल्या माणसाला पुढे काहीतरी लागणार आहे, अशी भावना त्यामागे असावी.

याच वर्तुळांपायी एका माणसाचा जीव गेला. स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे हे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांनी शाळा काढली. १८८३ मध्ये सुरू झालेल्या कॉलेजला त्यांचंच नाव आहे. नागपूर परिसरातले जीवाश्म त्यांनी गोळा केले, इथल्या भूशास्त्रावर लिहिलं. टाकळघाटची वर्तुळं पाहून परतताना, ४ सप्टेंबर १८६३ रोजी, बोरीजवळ पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. सेहेचाळीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

आता बघा, या माणसाने दगड झालेली पानं आणि हाडं हातात धरली होती. देहाचं काय होतं, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी ते सांगत होते की मेलेले उठतील. म्हणजे नेमकं काय सांगत होते?

मराठी श्रोत्याला इथे लगेच ओळखीचं काहीतरी ऐकल्यासारखं वाटतं. आत्मा अमर आहे, तो एक देह टाकून दुसरा घेतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ख्रिस्ती मंडळींनी मराठीत ‘पुनरुत्थान’ हा शब्द वापरला, ‘पुनर्जन्म’ नाही, याला कारण आहे. पुनर्जन्मात देह बदलतो, आणि त्या फेऱ्यातून सुटका हवी असते. पुनरुत्थानात तोच माणूस, देहासकट, नवा होऊन उठतो. आणि हे एकदाच घडतं. देह हे बंधन नाही, देवाने निर्माण केलेली वस्तू आहे, आणि देव ती टाकून देत नाही.

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही बरं का. पौलाने करिंथच्या मंडळीला इसवी सन ५४-५५ च्या सुमारास पत्र लिहिलं, तेव्हा तिथल्या ग्रीक लोकांनाही आत्म्याचं अमरत्व पटत होतं, देहाचं उठणं पटत नव्हतं. त्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल माघार घेत नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश पोकळ आणि तुमचा विश्वास व्यर्थ, असा त्याचा युक्तिवाद आहे. धर्माची सगळी मदार एका घडलेल्या गोष्टीवर ठेवायची, हे धाडसच आहे.

ती गोष्ट घडली का? इतिहासकाराला ते सिद्ध करता येत नाही, आणि मी तसा आव आणणार नाही. एवढं मात्र म्हणता येतं: गुरूला क्रूसावर मारल्यावर जे शिष्य पांगले, तेच थोड्या काळात यरुशलेमेत उघडपणे त्याचं नाव घेऊ लागले, आणि कारण हेच सांगू लागले. चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेपाशी आधी पोहोचतात त्या स्त्रिया. त्या काळी स्त्रीच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं. कथा रचायचीच असती, तर कोणी अशी रचली असती का, हा प्रश्न उरतो.

आता पुढचा प्रश्न. देह उठणार, म्हणून ख्रिस्ती माणसं पुरतात. मग जाळलं तर?

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नव्हता. घरातला एकजण ख्रिस्ती झाला की घर दोनदा तुटायचं: एकदा बाप्तिस्म्याच्या दिवशी, दुसऱ्यांदा मरणाच्या दिवशी. अग्नी कोण देणार, श्राद्ध कोण करणार? स्मशानसुद्धा वेगळं.

कवी नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मे १९१९ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना अग्नी दिला गेला आणि रक्षा अहमदनगरला नेली. रोमन कॅथॉलिक चर्चने दहनावरची बंदी उठवली ती १९६३ मध्ये, म्हणजे टिळकांनंतर ४४ वर्षांनी.

टिळकांची श्रद्धा यात कमी पडली का? मला तसं वाटत नाही. पौलाने दाण्याचा दाखला दिला आहे. पेरलेला दाणा मातीत संपतो. उगवतं ते रोप दाण्यासारखं दिसत नाही, पण असतं त्याचंच. जो दाण्याला रोप देतो, त्याला हाडं शाबूत लागतात असं नाही. पुरात गेलेला, आगीत गेलेला, ज्याची कबरच नाही असा माणूसही त्याच्या हिशेबातून सुटत नाही.

या श्रद्धेचं मोल मला इथे दिसतं. टाकळघाटच्या लोकांनी मेलेल्याबरोबर कुऱ्हाड ठेवली, घोड्याचा साज ठेवला. ज्याच्याकडे होतं त्याच्याबरोबर ते गेलं. पुनरुत्थानाच्या श्रद्धेत बरोबर काही न्यायचं नसतं आणि मागे कोणी काही करायचं राहत नाही. ज्याला पाठीमागे कोणीच नाही, त्यालाही ती आशा तेवढीच लागू आहे. आपल्याकडे जे लोक ख्रिस्ती झाले, त्यांतल्या अनेकांना घरचं पाणी तुटलं होतं. त्यांच्यासाठी हा वादाचा मुद्दा नव्हता, आधार होता.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ या.