खिद्रापूरचा कोपेश्वर

कोल्हापुराहून नरसोबाच्या वाडीपर्यंत यात्रेकरूंची सोबत असते. कुरुंदवाड मागें पडलें म्हणजे मात्र उसाच्या मळ्यांतून जाणारी वाट एकाकी होते, आणि कृष्णेच्या कांठीं खिद्रापुरास कोपेश्वराचें देऊळ भेटतें. नगारखान्याच्या दारांतून आंत पाऊल टाकतांच समोर येतो तो स्वर्गमंडप. ४८ खांबांच्या या मंडपास मध्यभागीं छतच नाहीं. सुमारें १३ फूट व्यासाचें वर्तुळ उघडें असून त्याखालीं जमिनीवर तेवढीच वाटोळी शिळा बसविलेली आहे. भोंवतीं १२ खांबांचें कडें. मान वर केली म्हणजे आपापल्या वाहनांवर बसलेले दिक्पाल दिसतात आणि त्यांच्या मध्यें आभाळ! त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्रीं चंद्र या वर्तुळावर आलेला पाहण्यास येथें माणसांची दाटी होते.

हें छत मुद्दाम उघडें ठेविलें कीं काम अर्धवट राहिलें, याविषयीं मतभेद आहेत. होमाचा धूर जाण्यासाठीं ही योजना, असें सांगण्यांत येतें. खालची शिळा व वरील वर्तुळ यांचा मेळ पाहतां योजनेचा पक्षच आम्हांस सयुक्तिक वाटतो. तथापि दुसरी शंका अगदींच निराधार नव्हे. देवालय सामान्यतः बाराव्या शतकांतील, कोल्हापूरच्या शिलाहारांच्या अमदानींतील मानतात. आणि या घराण्याचा शेवटचा राजा दुसरा भोज याचें राज्य देवगिरीच्या सिंघण यादवानें इ. स. १२१२ च्या सुमारास घेतलें. एवढी उलथापालथ झाल्यावर पाथरवटांचे हात थांबले असते तरी नवल नव्हतें. नवल आहे तें पुढेंच. देवळाच्या दक्षिण दाराशीं त्याच सिंघणाचा देवनागरी लिपींतील संस्कृत शिलालेख असून त्यांत कोपेश्वराच्या पूजेकरितां गांव दिल्याची नोंद आहे. जिंकलेल्या राजाच्या देवास जेत्यानें असें नवें उत्पन्न लावून दिलें.

शिलाहारांचें मनही संकुचित नव्हतें. गंडरादित्यानें आपल्या तळ्याकांठीं शिव, बुद्ध व अर्हत् या तिघांचीं देवळें बांधल्याचें त्याच्या ताम्रपटांत नमूद आहे. खिद्रापुरांतही कोपेश्वरापासून जवळच आदिनाथाचें जुनें जिनालय आहे.

गाभाऱ्यांत शिवाचें कोपेश्वर व विष्णूचें धोपेश्वर अशीं दोन लिंगें आहेत. नंदी मात्र नाहीं. सतीबरोबर तो दक्षाच्या यज्ञास गेला, म्हणून पलीकडे कर्नाटकांतील येडूर येथें बसला आहे, ही कथा पुजारी मोठ्या चवीनें सांगतात.

देवळाचा भार वाहणारे पाठीमागचे हत्ती पाहतांना मात्र मन विषण्ण होतें. कित्येकांच्या सोंडा तुटल्या आहेत, वर बसलेल्या देवतांचीं मुखें छिनलेलीं आहेत. लोक याचा दोष औरंगजेबाच्या स्वारीस देतात. परंतु नदीचें काय? २००५ व २०१९ च्या महापुरांत सारा शिरोळ तालुका जलमय झाला. आम्ही गेलों तेव्हां पावसाळा नुकताच सरला होता. एका हत्तीच्या पायाशीं गाळाचा पुसट पट्टा वाळून राहिला होता, आणि एक म्हातारी आपल्या पदरानें तो पुसून मगच त्यावर फूल ठेवीत होती.