सुरतेची वखार आणि घरातील कोठी

सुरतेचे नाव निघताच मराठी मनासमोर प्रथम उभे राहते ते १६६४ साल, आणि त्यापाठोपाठ १६७०. ज्या शहरावर शिवाजी महाराजांनी दोनदा स्वारी केली, त्याची श्रीमंती कापडाच्या गठड्या, मोती आणि नाणी यांनी मोजण्याची सवय इतिहासालाही जडली. इंग्रजांची वखार येथे १६१३ च्या सुमारास स्थिरावली आणि तिच्या दप्तरात गठडीगठडीची नोंद झाली. परंतु शहर गठड्यांवर जगत नाही. ते धान्यावर जगते. ‘सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण गुजरातेत घरोघरी ठाऊक आहे. त्या जेवणामागे वर्षभर जपलेली घरची कोठी असे. वखारीच्या दप्तरात मात्र त्या कोठीला फारशी जागा मिळाली नाही.

तापीकाठचे हे शहर समुद्रापासून जवळ. पावसाळ्यात हवा दमट होते, मिठाला पाणी सुटते, डाळीला कीड लागते. म्हणून साठवणीची सारी लगबग उन्हाळ्यात. गहू, तांदूळ, तूरडाळ अगाशीवर कडक उन्हात वाळवावी, निवडावी, तिला एरंडेलाचा हात चोळावा आणि मगच ती कोठीत भरावी, असा गुजरातेतील गृहिणींचा परिपाठ. यामागील शास्त्र साधे आहे. उन्हाने दाण्यातील ओल उडते. ती शेकडा बारा-तेरापेक्षा कमी झाली की बुरशीला थारा राहत नाही. एरंडेलाच्या पातळ थरामुळे किडीला दाण्यावर अंडी घालणे अवघड जाते, आणि घातलीच तर ती गुदमरून मरतात. छुंदा चुलीवर न शिजविता उन्हातच मुरवितात. कैरीच्या किसाला मीठ व साखर लावून, भांड्याच्या तोंडाला फडके बांधून तो रोज अगाशीवर ठेवावयाचा. साखर आणि मीठ फळातील पाणी ओढून घेतात, आणि जंतूंना जगण्यापुरतेही पाणी उरत नाही. लोणच्यावरील तेलाचा थर हवेला अडवितो. पद्धती अनेक, पण तत्त्व एकच: अन्न टिकवायचे तर त्यातील पाणी आणि त्यावरील हवा यांना आवर घालावयाचा.

ही विद्या परक्यांच्या जिभेपर्यंत पोहोचली होती. सुरतेस आलेला इंग्रज पाद्री जॉन ओव्हिंग्टन याने वखारीतील मेजवान्यांचे वर्णन करताना आंब्याच्या आणि बांबूच्या लोणच्याचा आवर्जून उल्लेख केला आहे. लोणच्याची नोंद झाली. ते घालणाऱ्या हातांची झाली नाही. डचांनी १८२५ मध्ये सुरत सोडली, त्याविषयीही एक गोष्ट शहरात सांगितली जाते. त्यांची भट्टी फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थांकडे आली, पण पाव खाणारे गिऱ्हाईक निघून गेले. उरलेला पाव फेकून न देता त्यांनी तो मंद आचेवर वाळविला. तो कुरकुरीत पाव लोकांना इतका आवडला की पुढे मुद्दाम तशीच बिस्किटे होऊ लागली. टाकाऊ ठरलेल्या वस्तूतून एका शहराची आवड निर्माण झाली.

तथापि घरातील कोठीच्या सामर्थ्याला मर्यादा होती, आणि ती सुरतेने फार भयंकर रीतीने पाहिली. १६३० मध्ये पाऊस पडला नाही; १६३१ मध्ये तो इतका पडला की उगवलेले पीकही वाहून गेले. विक्रम संवत १६८७ वरून गुजरातेत हा ‘सत्याशियो’ दुष्काळ म्हणून ओळखला जातो. नोव्हेंबर १६३० मध्ये सुरतेहून आग्र्यास निघालेल्या पीटर मंडीने वाटेवर पडलेली प्रेते आणि उजाड गावे पाहिली. शहाजहान बादशहाने बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत प्रांतात अन्नछत्रे उघडली, पण मृत्यूचे थैमान थांबले नाही. याच सुमाराच्या दुष्काळाने देहूस तुकारामांचे घर उद्ध्वस्त केले, असे परंपरा सांगते. ज्याच्या शेतात पिकलेच नाही, त्याने कोठीत काय भरावे? एका वर्षीची उणीव कोठी भरून काढू शकते. सलग दोन वर्षे बुडाली की सरकारी कोठारांवाचून गती नसते. घरची काटकसर हा राज्यकर्त्यांच्या कर्तव्याला पर्याय होऊ शकत नाही, हा त्या दुष्काळाचा धडा होय.

सुरतेच्या गृहिणीला आणखी एक गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे काय साठवू नये. हिवाळ्यात ज्वारीची कोवळी कणसे निखाऱ्यावर भाजून काढलेला ‘पोंक’ ज्या दिवशीचा त्याच दिवशी खावयाचा. चांदनी पडव्याची घारी तुपात घोळलेली असली, तरी आतील खव्यामुळे ती काही दिवसच टिकते. धान्य वर्षाचे, छुंदा वर्षाचा, घारी चार दिवसांची आणि पोंक आजचा, असा हा विवेक होता.

आज घरोघरी शीतकपाट आहे. थंडीने जंतूंची वाढ मंदावते. ती थांबत नाही. पण कपाटाचे दार लागले की आतील भाजीचे वय विसरले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ साली जगात, अखाद्य भाग धरून, सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतून गेले. उपकरण सुधारले, पण कोणती वस्तू किती दिवसांची, हा हिशेब सुटला. जुन्या कोठीपाशी उभी असलेली गृहिणी तो हिशेब तोंडपाठ ठेवीत असे. सत्याशियाची आठवण बाळगणाऱ्या मुलखात मूठभर धान्याची किंमत वेगळी शिकवावी लागत नव्हती.