पोलादी पिस्तूल कुणाला जड?

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत कपड्यांखाली पिस्तूल बाळगणं ही आता रोजची, कायदेशीर गोष्ट झाली आहे. १९८७ मध्ये फ्लोरिडाने ‘पात्र माणसाला परवाना नाकारायचा नाही’ असा कायदा केला आणि पुढे एकामागून एक राज्यं त्याच वाटेने गेली. २०२२ मध्ये ब्रूएन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची ‘खास गरज दाखवा’ ही अटही घटनाबाह्य ठरवली. हे बरं झालं की वाईट, तो वाद मोठा आहे आणि इथे मी त्यात शिरत नाही. इथला मुद्दा त्या मानाने किरकोळ, पण गमतीदार. लपवून बाळगायला पोलादी बांध्याचं लहान पिस्तूल फार जड पडतं, हे तिथे दुकानदारापासून प्रशिक्षकापर्यंत सगळे ठरलेल्या सत्यासारखं सांगतात. हे मत मला अर्धवट वाटतं.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९८२ मध्ये पॉलिमरच्या फ्रेमचं ग्लॉक स्वीकारलं आणि हवा बदलली. २०१८ मध्ये सिग सावरने पी-३६५ आणलं : रिकामं असताना वजन जेमतेम पाचशे ग्रॅम, पोटात दहा गोळ्या. त्याच्या शेजारी चेक बनावटीचं, पोलादी फ्रेमचं सीझेड-७५ कॉम्पॅक्ट ठेवा; ते ९२० ग्रॅम भरतं. एवढं वजन दिवसभर कमरेला लावलं की पँट खाली ओढली जाते, एका बाजूचं हाड दुखायला लागतं, आणि महिन्याभरात पिस्तूल कपाटात जाऊन बसतं. कपाटातलं पिस्तूल रस्त्यावर काय कामाचं? युक्तिवाद बिनतोड वाटतो. विशेषतः दुकानात दोन्ही हातांत एकेक पिस्तूल तोलून पाहताना तर वाटतोच.

पण दुकानात तोलतात ते रिकामं पिस्तूल, आणि रिकामं पिस्तूल कुणी बाळगत नाही. ९ एमएमचं एक काडतूस साधारण बारा ग्रॅमचं. ज्या ग्लॉक-१९ ला ‘बाळगण्याजोगं’ म्हणायला कुणीच कचरत नाही, ते पंधरा गोळ्यांचं मॅगझिन भरलं की कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे ८५५ ग्रॅम होतं. आता ‘कार’ (Kahr) या पिस्तूल कंपनीचं एमके-९ घ्या. फ्रेम पोलादी, स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) पोलादी. मॅगझिनसह ६८० ग्रॅमच्या आसपास, सात काडतुसं भरून सुमारे ७६५. म्हणजे संपूर्ण पोलादी पिस्तूल भरलेल्या पॉलिमरी ग्लॉकपेक्षा हलकं निघालं! यावर लगेच उत्तर येतं : ग्लॉकमध्ये गोळ्या दुपटीहून जास्त आहेत. बरोबर. पण मग भांडण गोळ्या किती हव्यात याचं झालं, पोलादाचं राहिलं नाही. आणि गोळ्यांच्या हिशोबातही वरचढ ठरणारं पी-३६५ घेतलं, तरी भरल्यावर ते सव्वासहाशे ग्रॅमच्या घरात जातं. एमके-९ शी फरक उरला सुमारे १४० ग्रॅमचा. खिशातला मोबाइल याहून जड असतो.

सीझेडचं वजन मात्र खरोखरच जास्त आहे, भरल्यावर ते किलोच्या पुढे जातं. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ते वजन पेलतो कोण? पट्टा. दीड इंच रुंद, दोन पदरी चामड्याचा ताठ पट्टा आणि त्याला घट्ट बसणारं होल्स्टर असेल तर भार कमरेभोवती वाटला जातो. ऑफिसला घालायचा पातळ पट्टा होल्स्टरपाशी पिळवटतो, मूठ बाहेर कलते, शर्टाला फुगा येतो. आणि दोष लागतो पोलादाला. फुगा वजनाने येत नाही, तो जाडीने आणि कलण्याने येतो. जॉन ब्राउनिंगच्या १९११ सालच्या पोलादी पिस्तुलाची स्लाइड सुमारे २३ मिलिमीटर जाडीची आहे, ग्लॉकची साडेपंचवीस.

वजन वाढवलं की लपवणं बंद होतं, ही समजूत एकदा कायद्यातही उतरली होती. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनंतर आयात पिस्तुलांना गुण द्यायची पद्धत आली. रिकाम्या वजनाच्या प्रत्येक औंसाला एक गुण, घडीव पोलादाच्या फ्रेमला पंधरा, आणि उत्तीर्ण व्हायला पंचाहत्तर. स्वस्त, चिमुकली, सहज लपणारी पिस्तुलं बाहेर ठेवणं हा हेतू. या चाळणीत जर्मनीचं वॉल्थर पीपीके अडकलं. वॉल्थरने काय केलं? पीपीकेच्या स्लाइडखाली थोरल्या पीपीची फ्रेम बसवली. पिस्तूल थोडं उंच झालं, पन्नासेक ग्रॅमने जड झालं, पीपीके/एस नावाने पास झालं, आणि अमेरिकेतले लोक तेच पुढची कित्येक वर्षं कोटाखाली बाळगत राहिले.

पूर्वपक्ष म्हणेल, तेव्हा दुसरा पर्याय कुठे होता? जुन्या काळी सगळीच पिस्तुलं पोलादी होती, हे खरं. (२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात क्रांतिकारक अनंत कान्हेरेंनी लपवून नेलेलं ब्राउनिंगही पोलादीच. पण एका रात्रीपुरतं जवळ बाळगणं वेगळं आणि रोज बाळगणं वेगळं, म्हणून तो दाखला मी जमेस धरत नाही.) मात्र पर्याय आल्यानंतर काय घडलं ते पाहण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या लष्कराला अधिकाऱ्यांसाठी हलकं पिस्तूल हवं होतं, त्यातून कोल्टचं कमांडर जन्माला आलं. फ्रेम ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. लष्कराने ते घेतलं नाही, पण १९५० पासून ते बाजारात खपलं. आणि वीस वर्षांनी कोल्टने त्याच मापाचं, पण पोलादी फ्रेमचं कॉम्बॅट कमांडर काढलं! हलकं हाताशी असताना गिऱ्हाईक जड मागत होतं.

कारण झाडताना कळतं. काडतूस तेच, गोळी तीच, तर पिस्तुलाला मिळणारा संवेगही जवळपास तोच. पण हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. भरलेल्या सीझेडच्या धक्क्याची ऊर्जा पी-३६५ च्या साठ टक्क्यांहूनही कमी भरते. नळी कमी उडते, दुसरी गोळी लवकर आणि नेमकी जाते. शिवाय, ज्याचा मार सोसवतो त्याचाच सराव होतो. हलकेपणाचं टोक पाहायचं तर स्मिथ अँड वेसनचं ३४० पीडी पाहा : पॉइंट ३५७ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर, वजन साडेतीनशे ग्रॅमच्याही आत. अशा रिव्हॉल्व्हरमध्ये एक गोळी झाडली की त्या हिसक्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकण्याचा धोका असतो, आणि गोळी फार पुढे आली तर सिलिंडर फिरेनासा होतो.

आमच्या बाजूचेही लोक कधी कधी फार पुढे जातात. पोलाद म्हणजे मऊ धक्का, असं नाही. पीपीके पोलादी आहे, पण त्यात नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकत नाहीत. नुसत्या स्लाइडच्या वजनावर आणि स्प्रिंगवर सगळं चालतं. त्यामुळे पॉइंट ३८० चं लहानसं काडतूसही त्यात झोंबतं, आणि मोठ्या पंजाच्या माणसाच्या अंगठ्यामागचं कातडं मागे येणाऱ्या स्लाइडखाली सोलतं. घामाचंही तसंच. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात काळं पॉलिश केलेलं पोलाद गंजतं, तिथे पॉलिमर सरस.

जिथे पट्टाच नाही तिथे तर पूर्वपक्ष सरळ जिंकतो. पँटच्या खिशात, घोट्याला, पर्समध्ये. आपल्याकडे हा प्रश्न आला तो पर्सच्याच वाटेने. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध निर्माणीने ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून बाजारात आणलं. टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन पाचशे ग्रॅमच्या आसपास, आणि जाहिरातीचा भर हलकेपणावर. तो हलकेपणा तिथे खपून जातो, कारण ९ एमएम आपल्या नागरिकांना निषिद्धच आहे आणि निर्भीकचं पॉइंट ३२ चं काडतूस मुळात मवाळ आहे. पर्सची चेन उघडून, रुमाल-किल्ल्यांतून ते बाहेर काढायला लागणारा वेळ मात्र टायटॅनियमने कमी होत नाही.