स्टिअरिंगवरचा दांडा

१९३८ साली पॉन्टिॲकने गिअरचा दांडा जमिनीवरून उचलून स्टिअरिंगच्या नळीवर बसविण्याची ऐच्छिक सोय केली, आणि पुढील एक-दोन वर्षांत अमेरिकेतील बहुतेक कारखान्यांनी तिचे अनुकरण केल्यामुळे, पुढच्या सलग आसनावर तिघांना ऐसपैस बसण्याची मुभा देणारा हा दांडा त्या देशाचा रिवाजच बनला. आपल्या मुंबईच्या फियाट टॅक्सींतही तो अनेक दशके नांदला.

कालांतराने असाच दांडा असलेल्या जुन्या शेवरलेटमधील दोन गतींची स्वयंचलित पॉवरग्लाइड गिअरपेटी काढून, १९६९ साली अवतरलेली तीन गतींची टर्बो-हायड्रामॅटिक ३५० बसविण्याचा प्रघात हौशी मंडळींत पडला, तेव्हा निराळाच पेच उद्भवला: जुन्या दांड्याला स्थाने पाचच, तर नव्या पेटीला हवीत सहा! नळीच्या तळाची भुजा आणि पेटीची भुजा यांना जोडणाऱ्या सळईची लांबी जुळवून ‘पार्क’ बिनचूक साधले, तरी भुजांचे परस्परप्रमाण चुकल्यास अखेरचे स्थान हुकत असे. म्हणून कसबी कारागीर भुजेवरील छिद्र किंचित सरकवून दोन्हींच्या फेऱ्यांचा मेळ घालीत आणि खाचांची पट्टी नव्याने कोरीत. या कामी हयगय झाली, की पेटीतील तेलाची झडप अर्धवट उघडून तेलाचा दाब उणावे आणि आतील क्लच घसरून जळत. मूळ दर्शनी रूपास धक्का न लावता अंतरंग पालटण्याच्या या खटाटोपात खरी कसोटी लागे ती इंजिनाच्या ताकदीची नव्हे, तर कारागिराच्या मोजमापाची.